माथ्यावर चार मिनिटं

९ जानेवारी

चि. विदुषीस,

मागितलेले नसताना आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चार पानं, त्यातली साडेतीन तुमच्या गाड्यांच्या गुणगानात गेली. सहा मिनिटांना एक गाडी, चाळीस सेकंद उशीर झाला तर फलाटावर माफी मागतात, डब्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. वाचता वाचता मला डुलकी लागली. अगं, शहरं चाळीस मिनिटांच्या अंतरावर, मध्ये औषधालासुद्धा टेकडी नाही, देश परातीसारखा सपाट! तिथं गाडी वेळेवर आणायला अक्कल कशाला लागते? माझ्या माजघरातून अंगणात मीही वेळेवर पोचते.

तुझी ही आत्या घाटाच्या पायथ्याला एकतीस वर्षं स्टेशनमास्तर होती, हे विसरली असशील म्हणून सांगते. आमच्या खाणी देशाच्या पोटात, बंदर डोंगराच्या पलीकडे, आणि मध्ये हा घाट. एकशे सोळा वाघिणींची, खनिजानं भरलेल्या डब्यांची मालगाडी, पुढे दोन इंजिनं, मागे एक, धापा टाकत माथ्यावर येते. मग ते खनिजाचं ओझं तीन बोगद्यांतून खाली सोडायचं असतं. तुमची गाडी घसरली तर फार तर आतल्यांचा चहा सांडेल. आमची सुटली तर माझं स्टेशन, हॉस्पिटल आणि बाजाराची गल्ली, तिन्ही एका रेषेत आहेत.

फोनवर बोलू म्हणतेस. नको. मी जिंकायला लागले की तुझं नेटवर्क जातं.

सांधेवाला नमस्कार सांगतो. रुळांचे सांधे बदलणारा, तुला लहानपणी खांद्यावर बसवून सिग्नल दाखवायचा तोच. अजून माथ्यावरच राहतो, त्या अकरा घरांत. बायको गेली, नोकरी संपली, आता मूत्रपिंडांनी दगा दिलाय. सोमवार-गुरुवार इथल्या हॉस्पिटलात रक्त शुद्ध करून घ्यायला खाली येतो आणि दुपारी माझ्याकडे टेकतो. मी त्याला सांगितलं, कार्टी गाड्या चालवत नाही, गाड्यांवर कागद चालवते. तो हसला. त्याला कशाचंही हसू येतं.

तुझी आत्या


२१ जानेवारी

ती. आत्या,

शि. सा. न. वि. वि. (खरंच वाकले. कमरेत उसण भरली.)

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तुझं जुनंच आहे. तुमच्या रेल्वेत माणूस बसत नाही हे तू मिरवतेस, याची मला कमाल वाटते. ज्या रुळांवरून दगड जातात आणि माणसं विमानानं जातात, त्याला आम्ही इथे रेल्वे म्हणत नाही. लांबलचक ढकलगाडी म्हणतो.

माझ्या टेबलापलीकडे दोघं बसतात. एक बेटांच्या देशातला. त्याच्याकडे समुद्र कुठूनही तासाभरावर, त्यामुळे सगळा माल जहाजानं जातो आणि मालगाडी म्हणजे त्याला संग्रहालयातली वस्तू वाटते. दुसरीचा देश लांबट आणि चिंचोळा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, सगळी शहरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एका ओळीत. एक रूळमार्ग टाकला की अर्धा देश गाडीत. आणि आमच्याकडे कालवे. जड माल तराफ्यांवरून संथ जातो, म्हणून रूळ माणसांना मोकळे. कुणाचीच त्यात हुशारी नाही, नकाशानंच ठरवलंय, हे मला मान्य आहे. तुला मान्य करायला काय जातं?

बरं, कामाचं. देशोदेशींच्या रेल्वेचा एक तुलनात्मक अभ्यास करतेय. तुमच्या घाटाचे छापील आकडे मिळाले. माथ्याच्या स्टेशनावर वीस वर्षांत एकही तिकीट विकलेलं नाही. हे खरंच शून्य आहे, की कुणी मोजलंच नाही? नीट विचार करून लिही. शिवाय तिथं बाकीच्या मालगाड्यांची ब्रेक तपासणी दीड मिनिटात उरकते, पण सकाळी उतरणारी एक आणि संध्याकाळी चढणारी एक, या दोनच गाड्या रोज चार मिनिटं थांबतात. या दोघींचेच ब्रेक एवढे नाजूक का?

सांधेकाकांना माझा नमस्कार. तब्येत जपा म्हणावं.

तुझी भाची


२ फेब्रुवारी

चि. विदुषीस,

शून्य. शून्य म्हणजे शून्य. गोल काढून दाखवू का?

माझ्या एकतीस वर्षांत माथ्यावर एक माणूस चढला नाही, एक उतरला नाही. कोण चढणार? मोठी शहरं चौदाशे किलोमीटर लांब, तिथं जाणारे विमानानं जातात. मधल्या मुलखात मैलोन्‌मैल दगड आणि वारा. दिवसातून एकदा प्रवासी गाडी जाते, ती माथ्यावर थांबत नाही, आणि थांबली तरी आतली मंडळी पडदे ओढून घोरत असतात. तुझ्या अभ्यासात ठळक अक्षरांत घाल, आत्यानं सांगितलं म्हणून: डोंगर माल मागतो, माणूस मागत नाही. सपाटीवर गर्दी साचते, म्हणून तिथं माणसं वाहावी लागतात. आमचा रूळ पुरुषार्थाचा आहे, तुमचा पाळण्याचा.

आणि ब्रेकचं तुला काय कळतं गं? सकाळची गाडी रात्रभर दमट हवेतून आलेली असते. संध्याकाळची चढण चढून आलेली असते. चार मिनिटं लागतात. मी चालवत आले ती पद्धत, नव्या मास्तरानंही चालू ठेवलीय. तो दिवसभर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसतो, पण निदान ऐकतो तरी. चौथ्या मजल्यावर बसून आमचे ब्रेक तपासू नकोस. उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा तुमच्याकडे चांगला चालतो असं दिसतं.

सांधेवाला आत्ताच येऊन गेला. हातावरच्या सुया टोचल्याच्या जागा काळ्यानिळ्या झाल्यात. एक गुरुवार चुकला तर पाय सुजतात, दोन चुकले तर श्वास लागतो, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. मी म्हटलं, मग चुकवू नकोस. म्हणाला, 'मास्तर, मी सांधा कधी चुकवला का?'

तुझी आत्या


११ एप्रिल

ती. आत्या,

शि. सा. न. वि. वि.

दोन महिने पत्र नाही, कारण रात्रंदिवस काम होतं. आता सांगायला हरकत नाही. तो 'तुलनात्मक अभ्यास' तुमच्याच रेल्वेनं मागवला होता. तुमच्या मंडळाला मालवाहतूक वेगवान करायची होती, आणि त्यांनी हे काम कुणाला दिलं? तू जिला कागद चालवणारी म्हणतेस तिला. आधी सांगितलं असतं तर तू एक आकडा दिला नसतास, म्हणून नाही सांगितलं.

अहवाल मंजूर झाला. मुख्य शिफारस घाटाबद्दलचीच आहे. मालगाडीच्या शेवटचा गार्डाचा डबा काढून टाकायचा. त्याच्या जागी शेवटच्या वाघिणीला एक लाल पेटी लागेल, ब्रेकचा दाब ती स्वतः इंजिनाला कळवते. माथ्यावरची ती ऐतिहासिक चार मिनिटं त्यामुळे रद्द. तिथं ना प्रवासी ना गार्ड, त्यामुळे माथ्याचं स्टेशनही बंद. दिवसाला दोन मालगाड्या जास्त धावतील. एक जूनपासून अंमल.

आणि ऐक, पहिल्या पानावर तुझं वाक्य आहे. 'डोंगर माल मागतो, माणूस मागत नाही.' खाली लिहिलंय, घाटातल्या एका अनुभवी स्टेशनमास्तरांचं मत. मंडळाच्या अध्यक्षांनी ते बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. आता तरी म्हण, भाची कामाची निघाली.

तुझी भाची


१९ एप्रिल

विदुषी,

आशीर्वाद वगैरे राहू दे.

तुझा अहवाल चुलीत घाल. सांधेवाला खाली कसा येतो असं तुला वाटलं? उडत? माथ्यावर रस्ता नाही. पायवाट होती, ती दरड पडून नऊ वर्षांपूर्वी गेली. जानेवारीत लिहिलं मी तुला, सोमवार-गुरुवार खाली येतो. फेब्रुवारीत परत लिहिलं. एवढी शिकलेली तू, एकदा तरी विचारावं ना, आत्या, कशानं येतो?

गार्डाच्या डब्यातून येतो. अकरा घरांतले सगळेच येतात. डब्यात दोन बाकं आहेत, एक लोखंडी शेगडी आहे. सकाळच्या गाडीनं यायचं, संध्याकाळच्या गाडीनं वर जायचं. ब्रेक दीड मिनिटातच तपासून होतात, तेवढं मलाही कळतं. उरलेली अडीच मिनिटं माणसं चढायला लागतात. म्हातारी माणसं असतात, पायरी उंच आहे, पिशव्या असतात. नोंदवहीत मी 'ब्रेक तपासला' एवढंच लिहायची. माझ्या आधीचा मास्तरही तेच लिहायचा. मालगाडीत माणूस बसवणं गुन्हा आहे, आणि न बसवणं पाप. आम्ही गुन्हा करत आलो.

तुला शून्य का सांगितलं? एक तर सवय. हातात कागद असलेल्या माणसाला आम्ही शून्यच सांगतो. दुसरं म्हणजे तुझ्या सहा मिनिटांच्या गाड्या. तुला चांगली चपराक द्यायची होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ताबडतोब शिफारस मागे घे. एक जूनला डबा गेला तर त्याचा पहिला गुरुवार चुकेल. पुढचं तुला मी लिहिलेलंच आहे.

आत्या


२७ एप्रिल

आत्या,

मीही मायना घालत नाही.

मी तुला विचारलं होतं. शब्द न् शब्द सांगते, घरी प्रत आहे: 'हे खरंच शून्य आहे, की कुणी मोजलंच नाही?' आणखी कसं विचारायचं असतं? तू गोल काढून दाखवायला निघालीस. तुझ्यासाठी आम्ही सगळे कागदवाले मूर्ख, एकतीस वर्षं मूर्खांना फसवल्याचा तुला केवढा आनंद! घे आता. मूर्खांनी तुझ्यावर विश्वास ठेवला.

हो, मी विचारायला हवं होतं तो कशानं येतो. तुझी पत्रं मी भांडणासाठी वाचली, त्यातलं सांधेकाकांचं वाक्य आलं की 'बरं' म्हणून पुढे गेले. नकाशावर मला घाटाचा चढ दिसला, बोगदे दिसले, अकरा घरं दिसली नाहीत. नकाशाच्या त्या प्रमाणात ती येतच नाहीत. माझी चूक मी कबूल केली. आता तुझी बघू.

अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, 'बाई, प्रवासी आहेत याला पुरावा काय? तुमच्याच अहवालात शून्य आहे.' माझी इथं काय अवस्था झाली ते सांगत नाही; बेटवाला दोन दिवस माझ्याकडे बघून कुत्सित हसतोय. पुरावा फक्त एकच चालेल. तुझं सहीचं निवेदन, की तू स्टेशनमास्तर असताना नियम मोडून माणसं नेलीस. कोण, कुठून, किती, कशासाठी. ते दिलंस तर चौकशी लागेल. पेन्शन थांबू शकतं. ते क्वार्टर तुला सवलतीत दिलंय, तेही जाऊ शकतं. नीट विचार कर आणि लवकर कर. या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या ते मला विचारू नकोस.

भाची


१२ मे

विदुषी,

पत्राला उशीर झाला. आठ दिवस पेन्शनचा विचार करत बसले, खोटं कशाला सांगू. कागद पुढ्यात घ्यायची, 'मी, खाली सही करणार' एवढं लिहायची, आणि भांडी घासायला उठायची. तोवर इथं काय झालं ते ऐक.

नवा मास्तर म्हणजे महाउत्साही प्राणी. वरून एक जून म्हटल्यावर यानं एक मेलाच करून दाखवलं. डबा काढला, लाल पेटी लावली, फोटो काढून वर पाठवला. शाबासकी मिळाली म्हणे. पहिला सोमवार चुकला. गुरुवारही चुकला. माथ्यावर फोन लागत नाही. मी रोज फलाटावर उभी राहायची, गाडी धडधडत जायची, शेवटी ती पेटी मिचमिच करत जायची.

काल सकाळी साडेदहाला दार वाजलं. सांधेवाला. बोगद्यांतून रुळावरून नऊ किलोमीटर चालत आला होता. पाय सुजून चपला हातात घेतलेल्या, डाव्या बाहीच्या चिंध्या, कोपरापासून सोलवटलेला. त्याला म्हटलं, वेडा आहेस का? तर धापा टाकत म्हणाला, 'मास्तर, गाडी चार मिनिटं लवकर आली.'

चाळीस वर्षं घाटात काढलेला माणूस. कुठली गाडी माथ्यावरून कधी सुटते आणि बोगद्यात कधी शिरते, पाठ. गाडी आता थांबत नाही हे दिसत होतं, पण बोगद्याची वेळही बदलली हे कुणी कळवलं नव्हतं; जुन्याच हिशेबानं तो निघाला होता. मोठ्या बोगद्यात भिंतीला कोनाडे आहेत, गाडी आली की आत सरकायचं. तो पुढच्या कोनाड्यापासून दहा पावलांवर होता आणि मागून दिवा दिसला. चार मिनिटं कापली गेली होती ना माथ्यावर! भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून एकशे सोळा वाघिणी मोजल्या म्हणे त्यानं.

मी त्याला धरून हॉस्पिटलात नेलं. सुया लागल्यावर त्याला सगळं सांगितलं. तुझं विचारणं, माझं शून्य, अहवालातलं वाक्य. हा कशालाही हसणारा माणूस, हसला नाही. छताकडे बघत म्हणाला, 'मला शून्य म्हणालात ते ठीक. पण वेळ बदलली, ती सांगायला तरी कुणाला वर पाठवायचं.' तेव्हापासून एक शब्द बोललेला नाही. आज माझ्या पुढच्या खोलीत आहे. दिलेलं खातो, माझ्याकडे बघत नाही.

जन्मभर मी लोकांना कस्पटासमान लेखलं, तुझ्यासकट. पण असलं भिकार वाक्य तूसुद्धा लिहिलं नसतंस. डोंगर माणूस मागत नाही म्हणे. ऐकायला छान वाटलं म्हणून लिहिलं मी ते, आणि लिहिताना मला माहीत होतं की अकरा घरांत चौतीस माणसं आहेत.

निवेदन देते. किती दिवस आहेत ते कळव.

आत्या


१८ मे

आत्या,

तीस तारखेला मंडळाची बैठक आहे. त्याआधी हातात हवं. 'अनेक', 'बरेच', 'वेळोवेळी' असले शब्द चालणार नाहीत. माणूस, काम, साधारण साल, फेऱ्या. आणि टोमणे नकोत. तुला जमेल का माहीत नाही.

काकांना सांग, पुढच्या पत्रात त्यांना वेगळं लिहीन. आत्ता काय लिहावं तेच कळत नाही.

भाची


२५ मे

चि. भाचीस, आशीर्वाद.

सोबत निवेदन आणि यादी. एकेचाळीस पानं. टोमणा एकही नाही, चाळीसाव्या पानावर नव्या मास्तराबद्दल एक वाक्य होतं तेही खोडलं.

सात दिवस लागले. पहिल्या दिवशी मी एकटीच बसले आणि मला सोळा माणसं आठवली. लाज वाटली. माझ्या फलाटावरून वर्षानुवर्षं चढली-उतरली ती माणसं, आणि मला आठवल्या त्यांच्या पिशव्या. दुसऱ्या दिवशी मी मोठ्यानं वाचत होते, 'शिक्षिका, सात मुलांना शिकवायला वर जायची, दहा वर्षं', तर पुढच्या खोलीतून आवाज आला, 'एकोणीस.' आठ दिवसांनंतरचा पहिला शब्द. मग खुर्ची ओढून टेबलाशीच येऊन बसला.

मग काय विचारतेस! त्याला सगळं ठाऊक. दुसऱ्या बोगद्यात बाळंत झालेली ती, गार्डानं शेगडीवर पाणी तापवलं होतं. बावीस माणसांचं लग्नाचं वऱ्हाड, दोन खेपांत. शिवणयंत्र घेऊन गेलेली विधवा. परीक्षेला निघालेली तीन मुलं, त्यातला एक आज त्याच हॉस्पिटलात सुया लावतो. वर येऊन चार दिवसांत पळालेला दातांचा डॉक्टर. खाली नेलेली प्रेतं, सहा. त्याची बायको त्यातलीच. ते साल मी लिहिलं, त्यानं बघितलं, आणि पुढचं सांगितलं.

दोघांत भांडणंही झाली. तो म्हणाला, वऱ्हाडाच्या परतीच्या फेऱ्या मोज. मी म्हटलं, नवरी परतली नाही, एक कमी कर. एकूण आकडा तेवीस हजारांच्या आसपास येतो. तुझ्या तक्त्यात बसव कसाही.

स्वतःला त्यानं गाळलं होतं. विचारलं तर म्हणाला, घाला शेवटी कुठंतरी. मी पहिल्या पानावर पहिला घातलाय. त्याचं ऐकतंय कोण?

आत्या


२ ऑगस्ट

ती. आत्या,

शि. सा. न. वि. वि.

तुला मंडळाची पत्रं वेगळी आली असतीलच, तरी माझ्या शब्दांत सांगते.

यादी मी बैठकीत वाचली. सगळी नाही वाचू दिली. अकराव्या पानावर अध्यक्ष म्हणाले, पुरे. आधी त्यांनी ठरवलं की मालगाडीत माणसं नेणं बेकायदा होतं, सबब ती माणसं हिशेबात धरता येत नाहीत. मी म्हटलं, साहेब, मग डोंगर हलवा. तो मध्ये उभा आहे म्हणून रस्ता नाही, रस्ता नाही म्हणून ती माणसं तुमच्या डब्यात आहेत. माझ्याकडे कालव्यांचा देश आहे, तुमच्याकडे घाट आहे. मी माझ्या सपाटीचं माप तुमच्या चढाला लावलं, ही माझी चूक, आणि ती अहवालात छापायला मी तयार आहे. छापलीही. माझी बदली वेळापत्रकं तपासायच्या विभागात झाली. बेटवाला आता माझ्या जुन्या टेबलाशी बसतो.

निकाल असा. सोमवार आणि गुरुवार, सकाळच्या आणि संध्याकाळच्या मालगाडीला शेवटी एक प्रवासी डबा, अधिकृत, तिकिटासह. माथ्यावर थांबा चार मिनिटं. एक ऑगस्टपासून, प्रयोग म्हणून एक वर्ष. रोज मागितलं होतं, दोन दिवस दिले. कंजूष मेले.

तुझं अर्धं पेन्शन चौकशी संपेपर्यंत थांबवलंय. क्वार्टर महिनाअखेर सोडायचंय. त्यात माझं काही चाललं नाही. माझ्याकडे ये. जागा लहान आहे, पण खिडकीतून गाड्या दिसतात. दर सहा मिनिटांनी. तुला नावं ठेवायला भरपूर मिळेल.

तुझी भाची


१२ ऑगस्ट

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

डबा लागला. गुळगुळीत बाकं, खिडकीला काच, दारावर 'प्रवासी' असं लिहिलेलं. नव्या मास्तरानं त्याचाही फोटो काढून वर पाठवला, जणू यानंच सुतारकाम केलं. पहिल्या सोमवारी वरून नऊ माणसं उतरली, हातात तिकिटं धरून, लग्नाला आल्यासारखी. एक म्हातारी तिकीट परत द्यायलाच तयार नव्हती.

सांधेवाला त्याच संध्याकाळी वर गेला. तीन महिने माझ्या पुढच्या खोलीत होता. चहा कडक नाही, खाट करकरते, रेडिओ मोठा लावता, अशा तक्रारी रोज. जाताना सतरंजीची घडी घालून ठेवली आणि म्हणाला, 'मास्तर, बरी सोय झाली.' म्हटलं, हो बाबा, झाली. अर्धं पेन्शन, क्वार्टर, एकतीस वर्षांचं नाव, सगळं ज्याच्यासाठी घालवलं तो मनुष्य पिशवी उचलून गाडीत बसला आणि खिडकीतून हातसुद्धा हलवला नाही. काच उघडायची कशी हे त्याला कळत नव्हतं, असं परवा सांगत होता.

खोली एकदम मोठी वाटायला लागली. मला राग आला. माझ्याच घरात मला असं वाटावं!

तुझ्याकडे येत नाही. सपाट देशात मला झोप येणार नाही, आणि सहा-सहा मिनिटांनी मी कुणाकुणाला नावं ठेवू? वय झालं माझं.

गेल्या गुरुवारी तो हॉस्पिटलातून आला तेव्हा मी भांडी खोक्यात भरत होते. कुठं जाणार विचारलं नाही. खोक्याला दोरी बांधली, गाठ नीट बसली का ते दोनदा ओढून पाहिलं, आणि म्हणाला, 'वर शेजारची खोली रिकामी आहे. छप्पर गळतं. पाणी लांबून आणावं लागतं.' मी म्हटलं, हे काय आमंत्रण झालं? असल्या जागी कुत्रंसुद्धा येणार नाही. म्हणाला, 'नाहीच येत. वारा फार आहे.'

एकतीस वर्षं मी त्या घाटाच्या पायथ्याशी बसून गाड्या वर सोडल्या आणि स्वतः एकदाही माथ्यावर गेले नाही. कामच पडलं नाही. प्रवास करणारी माणसं मला नेहमी थोडी बावळट वाटत आली. घरी बसता येत नाही का यांना, असं वाटायचं.

आज खिडकीवर जाऊन येत्या गुरुवारच्या संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलं. नवा मास्तर म्हणाला, परतीचंही देऊ का, एकदम घेतलं तर स्वस्त पडतं. मी त्याला म्हटलं, तू पडद्याकडे बघ.

परतीचं घेतलेलं नाही.

तुझी आत्या